लहानपणीच्या दुरुस्तीच्या दुकानांच्या आठवणी कशा लिहून ठेवाव्यात

माझ्या लहानपणी ठाण्यात जांभळी नाका, चरई आणि नौपाडा या भागांत स्टोव्ह, छत्र्या, सायकली आणि रेडिओ दुरुस्त करून देणारी लहान लहान दुकाने होती. त्यांच्या आठवणी लिहायच्या असतील, तर सुरुवात दुकानदाराच्या स्वभावापासून न करता त्याच्या कामापासून करावी. ‘काका फार प्रेमळ होते’ हे वाक्य कोणत्याही काकांना लागू पडते. परंतु त्यांनी आधी काय उघडले, कोणते हत्यार उचलले आणि काम झाल्यावर हात कशाला पुसले, हे लिहिले की त्या वाक्यांतून नेमके तेच काका दिसू लागतात.

प्रथम आपल्या रस्त्याचा नकाशा काढावा. मापाची काळजी करू नये. शाळेतून घरी येताना डाव्या आणि उजव्या हाताला कोणती दुकाने लागत, एवढे क्रमाने मांडले तरी पुरे. भावंडांनाही स्वतंत्र नकाशे काढायला सांगावेत आणि ते जुळले नाहीत, तर दोन्ही जपून ठेवावेत.

यानंतर एकच दुकान निवडावे आणि शक्य असेल तर तिथे दुरुस्त झालेली वस्तू समोर ठेवावी. मी माळ्यावरचा आमचा पितळी स्टोव्ह काढला आणि तो घेऊन दुपारच्या निवांत वेळी एका वृद्ध कारागिरांकडे गेलो. ‘त्या काळी धंदा कसा होता?’ या प्रश्नाला त्यांनी दोन शब्दांत उत्तर दिले होते. ‘काका, याचा पंप हवा का धरत नाही?’ असे विचारताच मात्र त्यांनी दांडा बाहेर ओढला, टोकाचे चामड्याचे वायसर (वॉशर) नखाने दाबून पाहिले आणि ते वाळून आकसले की हवा कडेने निसटते, म्हणून ते गोडेतेलात मुरवून, कडा बोटांनी फाकवून परत बसवायचे, असे करूनच दाखवले. पुढचा तासभर ते आपणहून बोलत होते. म्हणून ध्वनिमुद्रण आधी परवानगी घेऊन सुरू करावे आणि प्रश्न वस्तूबद्दल विचारावेत.

शब्द ऐकले तसेच लिहावेत. वायसर, आटे (स्क्रूच्या चक्राकार खाचा), छर्रे (बेअरिंगमधल्या गोळ्या), डाग देणे (धातूचा सांधा जोडणे), पिन मारणे (स्टोव्हचे छिद्र पिनेने मोकळे करणे) हे शब्द ‘सुधारून’ घेऊ नयेत. भांड्यांना आतून कथलाचा लेप देणाऱ्या कल्हईवाल्याबद्दल लिहिताना भाता, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा यांचा क्रम सांभाळावा, कारण तापलेल्या भांड्यात नवसागर पडल्यावर उठणारा पांढरा धूर त्या क्रमाशिवाय वाचकाला दिसत नाही.

साल आठवत नसेल, तर सार्वजनिक घटनांचा आधार घ्यावा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ठाण्यातले गडकरी रंगायतन हे नाट्यगृह १९७८ मध्ये उभे राहिले आणि ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. आपली आठवण यांच्या अलीकडची की पलीकडची, हे बहुधा सांगता येते. दुकानांची नावे आणि पत्ते गणेशोत्सव मंडळांच्या व शाळांच्या जुन्या स्मरणिकांतील जाहिरातींत मिळतात, त्यामुळे घरातली अशी रद्दी चाळल्याशिवाय टाकू नये.

लिहून झाल्यावर तो मजकूर त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवावा आणि कोणाचे नाव घालायचे असेल, तर त्यांच्या घरच्यांना विचारावे. सायकलच्या पंक्चरबद्दल मी लिहिले होते, की ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहायचे, जागा कोरडी करून घासायची, सोल्यूशन लावायचे आणि लगेच ठिगळ चिकटवायचे. सायकलवाल्या काकांनी मला तिथेच थांबवले. सोल्यूशन थोडे सुकू द्यावे लागते, नाहीतर ठिगळ सुटते. आणि ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून रुतलेला काटा शोधायचा, हे तर मी पूर्णपणे विसरलो होतो. तो परिच्छेद मी त्यांच्यासमोरच बसून पुन्हा लिहिला.