धडधड थांबली म्हणून गोळी थांबवू नका: अनियमित ठोक्यांच्या रुग्णांनी या चुका टाळा

एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराचं, निदान झालं की पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो, "ठोके आता सरळ आहेत, मग गोळ्या कधी बंद?" ही घाईच नडते. ठोके आवरणारी गोळी वेगळी, रक्त पातळ करणारी वेगळी. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरले की डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती सुटली की थेट मेंदूत जाऊन अडकू शकते. अनियमित ठोक्यांचे कितीतरी झटके तर माणसाला जाणवतही नाहीत. धडधड नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या सत्तरीच्या एका काकांनी दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करणारी अपिक्साबान परस्पर बंद केली. दाढ निघाली, हिरडी भरली, गोळी मात्र पुन्हा सुरू झालीच नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर हातातला चहाचा कप निसटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. सोबत्यांना वाटलं साखर उतरली असेल. साखर खायला घातली, रिक्षाने घरी नेऊन झोपवलं. इस्पितळ गाठेपर्यंत दुपारचे तीन वाजले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते हुकलं. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

एक-दोन दात काढायला ही गोळी बहुतेकदा बंद करावी लागत नाही. फार तर त्या सकाळचा डोस पुढे ढकलतात. पण ते दंतवैद्याने आणि हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचं. या गोळीचा असर साधारण १२ तासांत निम्म्यावर येतो, म्हणून ती दिवसातून दोनदा असते. डोस विसरलात तर सहा तासांच्या आत आठवेल तेव्हा घ्या, नाहीतर सोडून द्या. पुढच्या वेळी दोन एकदम नकोत. गोळ्यांच्या पाकिटामागे पेनाने वार लिहून ठेवावेत. मोबाइलचा गजर बंद करून माणूस विसरतो, पाकिटातला न फोडलेला खळगा समोर दिसतो.

रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्यांचं वेगळं: रिव्हारोक्साबानची २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. डाबिगाट्रानची कॅप्सूल सात खणांच्या डबीत काढून ठेवू नका. ठाण्यातल्या जुलैच्या दमट हवेत ती खराब होते. फोडून पाण्यात तर मुळीच नाही.

कृत्रिम धातूची झडप असेल किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर शेजारच्यांची 'तपासणी न लागणारी' नवी गोळी मागू नका. तिथे वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल या जुन्या गोळ्याच. त्यांच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारी रक्ततपासणी, बहुतेकांची २ ते ३ मध्ये ठेवतात, काही झडपांना त्याहून जास्त. या गोळ्यांवर पालक-मेथी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखी खायची असते.

दुसरी चूक त्याहून सर्रास दिसते. धडधड मंगळवारी रात्री होते आणि ईसीजी शनिवारी, अपॉइंटमेंट मिळेल तेव्हा. शनिवारचा ईसीजी साफ येतो आणि "काही नाही, टेन्शन आहे" म्हणून सगळे मोकळे होतात. ईसीजी त्या काही सेकंदांपुरतंच सांगतो. धडधडीचा झटका चालू असतानाच जवळ जिथे १२ लीडचा (छाती आणि हातापायांना तारा लावून काढलेला पूर्ण) ईसीजी निघेल तिथे जा, घोडबंदरहून मोठ्या इस्पितळापर्यंत ट्रॅफिकमध्ये बसू नका. आणि त्या कागदाचा लगेच फोटो काढा. तो उष्णतेने उमटणारा कागद असतो, काही महिन्यांत फिका पडतो. जपायचं म्हणून लॅमिनेट केलात तर पूर्ण काळा होतो. असा एकुलता एक पुरावा गमावलेली घरं आहेत. स्मार्ट घड्याळाने अनियमित ठोक्यांचा इशारा दिला तर ईसीजीची नोंद साठवून डॉक्टरांना दाखवा. इशारा म्हणजे निदान नव्हे, आणि दर दहा मिनिटांनी बघितल्याने ठोके सुधारत नाहीत.

नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणणं इथे फसवतं. बीपी तीनदा घेऊन सरासरी काढा. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मेडिकलमधून आणू नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तिने रक्तस्राव होऊ शकतो. सर्दीच्या गोळीत ठोके वाढवणारं स्यूडोएफेड्रिन आहे का ते विचारा. ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल अचानक सोडू नका. ठोके नियमित ठेवणारी अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉइड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी. दारू बंद केलेली उत्तम. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, वजन जास्त असेल तर ते उतरवा. हे दोन्ही टाळून फक्त गोळी वाढवून मागणारे पुन्हा पुन्हा त्याच रांगेत दिसतात.

भोवळ, छातीत दुखणं, धाप किंवा तोंड-हात-बोलण्यात बदल दिसला तर १०८. लक्षणं किती वाजता सुरू झाली आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कधी घेतली, या दोन वेळा कागदावर लिहून सोबत न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का, हे ठरवताना डॉक्टर आधी याच विचारतात.