सप्लायरकडून मिळालेली कंपोनंट फाइल किकॅडमध्ये कशी घ्यावी

किकॅड या सर्किट बोर्ड तयार करायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत सर्किटमध्ये वापरायचा भाग नसेल, तर सिम्बॉल (सर्किटच्या आकृतीतले त्याचे चिन्ह) आणि फूटप्रिंट (बोर्डावर तो भाग बसवायच्या जागेचा आराखडा) हाताने काढत बसण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. माउझर, डिजी-की यांसारख्या विक्रेत्यांच्या साइटवर त्या भागाच्या पानावरच कॅड मॉडेलची लिंक असते. तिथून स्नॅपमॅजिक, अल्ट्रा लायब्रेरियन किंवा सॅमॅक्सिस यांनी तयार केलेली फाइल मोफत मिळते, फक्त खाते उघडावे लागते. ती फाइल आत घेणे सोपे आहे. खरा वेळ द्यायचा तो ती तपासायला, आणि नेमके तेच काम बरेच जण टाळतात.

डाउनलोड करण्याआधी स्किमॅटिक एडिटरमध्ये (सर्किटची आकृती काढायच्या खिडकीत) 'ए' दाबून भागाचे नाव शोधून पाहा. किकॅडच्या स्वतःच्या लायब्ररीत तो असेल तर तोच घ्या. नसेल तर डाउनलोड करताना किकॅड ६ किंवा त्यापुढची आवृत्ती निवडा. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ६व्या आवृत्तीपासून सिम्बॉलच्या फाइलचा साचा बदलला आहे. जुन्या साच्यातली 'डॉट लिब' फाइल वाचता येते, पण नवीन मिळत असताना ती घेण्यात अर्थ नाही.

झिप उघडली की आत अल्टियम, ईगल, किकॅड अशी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची फोल्डर दिसू शकतात. आपल्याला तीनच गोष्टी लागतात: 'किकॅड-सिम' शेपटीची सिम्बॉल फाइल, 'किकॅड-मॉड' शेपटीची फूटप्रिंट फाइल आणि थ्रीडी मॉडेलची 'स्टेप' फाइल. या तिन्ही डाउनलोड्स फोल्डरमध्ये ठेवून काम करू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच लायब्ररीसाठी एक फोल्डर करा.

आता आयात. प्रत्येक भागासाठी वेगळी लायब्ररी जोडत गेलात तर थोड्याच दिवसांत यादी इतकी लांबते की काही सापडत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या सगळ्या भागांसाठी प्रोजेक्टची एकच लायब्ररी ठेवावी. सिम्बॉल एडिटर उघडा, फाइल मेनूतून 'न्यू लायब्ररी' घ्या, ग्लोबल की प्रोजेक्ट असे विचारले की प्रोजेक्ट निवडा आणि ती नव्या फोल्डरमध्ये ठेवा. नाव लहान आणि स्पेस नसलेले द्या. मग डावीकडच्या यादीत ती लायब्ररी निवडून फाइल, इम्पोर्ट, सिम्बॉल या वाटेने सप्लायरची फाइल आत घ्या आणि सेव्ह करा. फूटप्रिंट एडिटरमध्येही हेच करायचे. तिथली लायब्ररी म्हणजे 'डॉट प्रिटी' शेपटीचे अख्खे फोल्डर असते आणि प्रत्येक फूटप्रिंट ही त्यातली एक फाइल. इम्पोर्ट केलेले फूटप्रिंट तुमच्या लायब्ररीत सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर ते नुसते पडद्यावर दिसते.

यानंतर दोघांची गाठ मारायची. सिम्बॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फूटप्रिंट' हा रकाना असतो. त्यात आधी लायब्ररीचे नाव, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि मग फूटप्रिंटचे नाव असे लिहिलेले किकॅडला लागते. सप्लायरच्या फाइलमध्ये लायब्ररीचे नाव नसते किंवा त्यांचे स्वतःचे असते. त्यामुळे स्किमॅटिकवरून बोर्ड अपडेट करताना फूटप्रिंट सापडत नसल्याची तक्रार येते. रकान्याशेजारचे बटण दाबून आपल्या लायब्ररीतून फूटप्रिंट निवडले की प्रश्न मिटतो.

थ्रीडी मॉडेल फूटप्रिंटच्या प्रॉपर्टीजमध्ये जोडतात. मॉडेल आडवे-उभे झाले असेल तर तिथेच ९० अंशांत फिरवा. फाइलचा पत्ता मात्र डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंसातल्या 'केआयपीआरजेएमओडी' या शब्दाने सुरू व्हायला हवा. त्याचा अर्थ 'या प्रोजेक्टचे फोल्डर'. तुमच्या सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता राहिला, तर दुसऱ्याच्या संगणकावर मॉडेल दिसणार नाही.

आता तपासणी. सरावासाठी एएमएस१११७-३.३ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर घ्या. तो किकॅडमध्ये आधीपासून आहे, त्यामुळे सप्लायरची फाइल शेजारी ठेवून ताडून पाहता येते. एसओटी-२२३ पॅकेजमध्ये (म्हणजे भागाच्या त्या ठरलेल्या आकारात) त्याची पिन १ ग्राउंड, २ आउटपुट, ३ इनपुट, आणि वरचा रुंद टॅब आतून पिन २ ला जोडलेला. टीओ-२२० पॅकेजमधल्या ७८०५ या रेग्युलेटरचा टॅब ग्राउंडला असतो. त्या सवयीने इथलाही टॅब ग्राउंडला जोडला, तर आउटपुट थेट शॉर्ट होते. किकॅडच्या फूटप्रिंटच्या नावातच 'टॅब पिन २' असे लिहिलेले आहे, ते याचसाठी. बाहेरून आलेल्या फूटप्रिंटमध्ये टॅबच्या पॅडला (बोर्डावर तो जिथे डाग देऊन जोडतात त्या तांब्याच्या तुकड्याला) ४ क्रमांक आणि सिम्बॉलला पिना तीनच, असे आढळले तर तो पॅड कशालाच जोडला जात नाही. मग उष्णता पसरवण्यासाठी ओतलेले तांबेही त्याला टाळून जाते. अशा वेळी पॅडचा क्रमांक २ करा.

म्हणून डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) शेजारी उघडून सिम्बॉलची प्रत्येक पिन आणि फूटप्रिंटचा त्याच क्रमांकाचा पॅड जुळवा. आकृती वरून पाहिलेली आहे की खालून, हे आधी वाचा. खालून असेल तर सगळे क्रमांक आरशातल्यासारखे उलटे येतात. मग मेजर टूलने पिनांमधले अंतर मोजा: एसओटी-२२३ साठी २.३ मिमी, नेहमीच्या एसओआयसी पॅकेजच्या चिपसाठी १.२७ मिमी. रेझिस्टर-कपॅसिटर घेताना ०६०३ हा आकडा इंचांच्या पद्धतीतला की मिलिमीटरच्या, ते पाहा. पहिला १.६ बाय ०.८ मिमीचा, दुसरा ०.६ बाय ०.३ मिमीचा.

पिनांचे प्रकारही नजरेखालून घाला. सप्लायरच्या सिम्बॉलमध्ये बऱ्याचदा सगळ्या पिना 'पॅसिव्ह' किंवा 'अनस्पेसिफाइड' असतात. पॅसिव्ह असतील तर दोन आउटपुट एकमेकांना जोडली गेली तरी ईआरसी (सर्किटमधल्या जोडणीच्या चुका शोधणारी किकॅडची तपासणी) काही बोलत नाही. रेग्युलेटरच्या इनपुटला 'पॉवर इनपुट' आणि आउटपुटला 'पॉवर आउटपुट' असे लावून घ्या.

बोर्ड ऑर्डर करण्याआधी तो एकास एक प्रमाणात कागदावर छापा आणि खरा भाग त्यावर ठेवून पाहा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत असे नेहमीचे भाग सुटे मिळतात, आणि बोर्ड वाया जाण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतात.

शेवटची चाचणी पत्त्यांची. प्रोजेक्टचे फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडा. सिम्बॉल आणि फूटप्रिंट तसेही दिसतील, कारण किकॅड त्यांची प्रत स्किमॅटिक आणि बोर्डाच्या फाइलमध्येच ठेवतो. तेवढ्यावर समाधान मानू नका. थ्रीडी व्ह्यूअरमध्ये भाग जागेवर दिसतो का आणि लायब्ररीतून फूटप्रिंट अपडेट करताना तक्रार येते का, हे दोन्ही पाहा. दोन्ही ठीक असेल तर फोल्डर कोणालाही पाठवायला हरकत नाही.