पेनड्राइव्हवरच्या गाण्यांना प्रकार लावताना

'अहिराणी डीजे', 'अहिराणी ईडीएम', 'खान्देशी टपोरी', 'रोड शो मिक्स'... लग्नसराईत एका पेनड्राइव्हवर अशी वीस-पंचवीस लेबलं सहज जमतात आणि हळदीत पुढचं गाणं शोधायची वेळ आली की त्यातलं एकही उपयोगी पडत नाही. उपप्रकारांशी वैर नाही. 'हाऊस' म्हटलं की मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, 'ड्रम अँड बेस' म्हटलं की १६० ते १८०. डीजेला न ऐकता लय कळते. ज्या नावातून असं काहीच कळत नाही, ते पुसावं.

आधी फोल्डरची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. कॉम्प्युटरवर एमपी३टॅग या गाण्यांची लेबलं बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून जॉनरचा, म्हणजे प्रकाराचा, रकाना क्रमाने लावा. खान्देशी, खानदेशी, खांदेशी ही आपल्याला एकच, पण यंत्राला तीन वेगळी लेबलं. एकच लेखन ठरवा, या तिन्ही लेबलांची सगळी गाणी निवडा, एकदम बदला.

मग प्रसंग बाजूला काढा. कानबाई, गुलाबाई, आखाजी हे खान्देशातले सण, संगीताचे प्रकार नाहीत. ते 'ग्रुपिंग' या वेगळ्या रकान्यात टाका. आखाजीचं झोक्यावरचं गाणं आणि त्याचंच बेंजोवरचं रिमिक्स यांचा प्रसंग एक, वाजणं निराळं. जॉनरमध्ये पारंपरिक, बेंजो-बँड, डीजे एवढे तीन बहुतेकांना पुरतात. 'रोड शो मिक्स' ही आवृत्ती आहे, ती गाण्याच्या नावापुढे लिहा.

बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, हे मोजणं सॉफ्टवेअरवर सोडू नका. सहा मात्रांच्या ठेक्यात ते बऱ्याचदा फसतं: १०० चं गाणं १५० किंवा २०० दाखवतं. पायाने ताल धरून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. २५ आले तर १००.

नवं लेबल काढायचा मोह झालाच तर दहा गाणी घ्या. दोघांनी एकमेकांचं न बघता त्यांना लेबलं लावायची. आठ जुळली तर ठेवा. पाच-सहाच जुळली तर ते लेबल तुमच्या डोक्यातच आहे, गाण्यात नाही.

टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली ही लेबलं, आयडी३ या पद्धतीच्या व्ही२.३ आवृत्तीत आणि देवनागरी चालणाऱ्या यूटीएफ-१६ मध्ये साठवा. जुन्या व्ही१ मध्ये जॉनर म्हणजे ठरीव यादीतला फक्त एक क्रमांक. त्या ८० नावांच्या मूळ यादीत पोल्का होता, फोक नव्हता (तो विनॅम्प या प्लेअरने मागाहून घातला), मग अहिराणी कुठून असणार! गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीऐवजी चौकोन दिसले तर बहुधा टॅग बिघडलेला नसतो, त्या यंत्रात देवनागरी फॉन्टच नसतो. अशा पेनड्राइव्हवर फोल्डरांची नावं रोमन लिपीत ठेवा.

आणि लेबलं बदलूनही मोबाइलवर जुनीच दिसत असतील तर प्लेअरमधून लायब्ररी पुन्हा स्कॅन करा.