ऑनलाइन खरेदीत फसगत झाल्यास सोलापुरातूनच दाद कशी मागावी

विडी घरकुल भागात राहणाऱ्या माझ्या आत्या साड्यांना फॉल-पिको करून आणि ब्लाउज शिवून घर चालवतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतभावाने त्यांच्यासाठी आपल्या खात्यावरून मोटरचे पिको मशीन मागवले. किंमत १४,५०० रुपये. सोळाव्या दिवशी मोटर जळाली. अ‍ॅपवर तक्रार केली तेव्हा ‘परत करण्याची मुदत संपली आहे’ एवढेच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि उत्पादकाच्या ग्राहक सेवेने मशीन स्वखर्चाने पुण्याच्या सेवा केंद्रात आणून द्यायला सांगितले. कोणताही वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात चालेल, असे अ‍ॅपच्या अटींमध्ये लिहिलेले होते. ते ऐकल्यावर आत्यांनी मशीन चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिले. चौदा-पंधरा हजारांसाठी बंगळुरूला कोण जाणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मात्र बंगळुरूला जावेच लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या कायद्यात सामनेवाल्याचे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे, कार्यालय जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल तेथे तक्रार करावी लागे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ ने आणखी एक दार उघडले: तक्रारदार स्वतः जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे कंपनी बंगळुरूची असो वा गुरुग्रामची, सोलापूरच्या ग्राहकाची तक्रार सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात चालू शकते. कंपनीने एकतर्फी छापलेल्या अटींमुळे कायद्याने दिलेला हा हक्क संपत नाही. करारात लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाबाहेर खासगी पंचाकडे नेण्याचे, कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. अटींतील ते एक वाक्य वाचून किती जण गप्प बसले असतील, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते, आणि म्हणूनच दाद मागण्याची सगळी वाट येथे क्रमाने मांडत आहे.

आधी पुरावा, मग तक्रार

बहुतेक प्रकरणे येथेच बळकट होतात किंवा येथेच ढासळतात, त्यामुळे या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. अ‍ॅपमधून बिलाची प्रत उतरवून घ्यावी. वस्तूच्या पानावरील वर्णन, हमीचा कालावधी, विक्रेत्याचे नाव आणि पत्ता यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढावेत, कारण वर्णन बदलले जाते आणि पुष्कळदा ते पानच दिसेनासे होते. खोक्यावरील लेबल आणि वस्तूवरील अनुक्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत. पैसे गेल्याची बँक खात्यातील नोंद वेगळी काढून ठेवावी. ग्राहक सेवेशी चॅटवर झालेला संवाद ती खिडकी बंद करण्यापूर्वी जतन करावा. फोनवर बोलणे झाले असेल तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याने सांगितलेले नाव आणि तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि शक्य झाल्यास ‘आज आपण फोनवर असे सांगितले’ असा ईमेल लगेच पाठवावा. तोंडी बोलण्याला त्यामुळे लेखी आधार मिळतो.

बिघडलेली वस्तू जवळच्या कारागिराकडून उघडून घेण्याचा मोह टाळावा. सील तुटले की ‘ग्राहकाने छेडछाड केली’ असा बचाव कंपनीला आयता मिळतो. वस्तू न उघडता बाहेरून तपासून जाणकार कारागिराने तारखेसह लेखी अभिप्राय दिला, तर तो उपयोगी पडतो. वस्तू परत नेण्यासाठी कोणी आले तर पोच घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नये.

आमच्या घरात एक प्रश्न लगेच उभा राहिला. बिल भावाच्या नावावर, मशीन वापरणाऱ्या आत्या; मग ग्राहक कोण? सोलापुरातील असंख्य घरांत पुण्या-मुंबईला गेलेली मुले आईवडिलांसाठी अशीच वस्तू मागवतात, म्हणून हे नीट समजून घ्यावे. कायद्याच्या व्याख्येनुसार खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच ठरते. तरीही दोघांनी मिळून तक्रारदार व्हावे, म्हणजे हा मुद्दा पुढे अडथळा ठरत नाही.

दुसरी शंका अशी की, मशीन तर कमाईसाठी घेतले होते. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरे. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणाऱ्याला कायद्याने या अपवादातून वगळले आहे. फॉल-पिको करणाऱ्या बाई, एकच रिक्षा स्वतः चालवणारा चालक, घरी एका यंत्रावर पापड लाटणाऱ्या ताई हे सगळे ग्राहक आहेत. तक्रारीत मात्र ‘ही वस्तू मी स्वतः चालवते आणि त्यावर माझी उपजीविका आहे’ हे वाक्य स्पष्ट शब्दांत लिहावे. ते राहून गेले की कंपनीचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेतो.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर दाखवणे बंधनकारक आहे. या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. ही माहिती बहुधा अ‍ॅपच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असते. चॅटवरील यंत्राशी वाद घालण्यापेक्षा ती शोधण्यात दहा मिनिटे घालवावीत.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन करू नये, कारण तेथे ठगांनी पेरलेले खोटे क्रमांक असतात. क्रमांक अ‍ॅपमधून किंवा बिलावरूनच घ्यावा. कोणी ओटीपी विचारून किंवा दुसरे अ‍ॅप उतरवायला लावून पैसे काढलेच, तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेत कळवावे.

ईमेल छोटा, पण नेमका असावा. ऑर्डर क्रमांक, खरेदीची आणि वस्तू हाती आल्याची तारीख, भरलेली रक्कम, दोष कोणत्या दिवशी आणि कसा आढळला, आधीचा तक्रार क्रमांक आणि आपली मागणी एवढे त्यात यावे. मागणी मोघम ठेवू नये. ‘वस्तू बदलून द्यावी किंवा १४,५०० रुपये मूळ खात्यात परत करावेत, आणि दोषपूर्ण वस्तू आपल्या खर्चाने घेऊन जावी’ असे ठामपणे लिहावे. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, हे याच नियमांत नमूद आहे. त्याचा उल्लेख ईमेलमध्ये अवश्य करावा. आवडले नाही म्हणून वस्तू परत करण्याची सात-दहा दिवसांची सवलत आणि सदोष वस्तूबद्दलचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची मुदत संपल्याने दुसरी संपत नाही. अ‍ॅपवरील उत्तरे या दोन्हींची सरमिसळ करतात आणि ग्राहक तेथेच हार मानतो.

१९१५ वर नोंद

महिनाभरात काही घडले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मराठीत बोलता येते, शुल्क लागत नाही आणि तक्रार क्रमांक मिळतो. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण पुष्कळ कंपन्या या टप्प्यावर पैसे परत करतात. येथील उत्तराचीही प्रत जपून ठेवावी.

खरेदी करताना न मागितलेला विमा टोपलीत आपोआप जोडला गेला, सदस्यत्व रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड केली, किंवा ‘फक्त एकच नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावली, तर तो केवळ आपला वैयक्तिक वाद राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून अशा १३ फसव्या रचना प्रतिबंधित केल्या आहेत. २०१९ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात या कारणासाठी अर्ज देता येतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ते ठाऊक व्हायला हवे. कारण एकाला पैसे परत मिळाल्याने ती फसवी रचना अ‍ॅपवरून जात नाही.

जिल्हा आयोगात तक्रार

त्यापूर्वी अ‍ॅप चालवणारी कंपनी, विक्रेता आणि उत्पादक या तिघांनाही पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती जपावी. मराठीत, साध्या भाषेत लिहिलेली नोटीस चालते. तक्रारीतही तिघांना सामनेवाले करावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

जिल्हा आयोगाची मर्यादा भरलेल्या मोबदल्याच्या, म्हणजे वस्तूसाठी दिलेल्या किमतीच्या, ५० लाख रुपयांपर्यंत आहे, आणि ती मागितलेल्या भरपाईवरून मोजली जात नाही. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी. उशीर झाल्यास सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. तक्रार प्रत्यक्ष आयोगात देता येते किंवा जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर खाते उघडून घरबसल्या दाखल करता येते. वकील असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत विधी साहाय्य मिळू शकते; १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते.

तक्रारीत घटना तारीखवार, क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत लिहाव्यात. राग कितीही असला तरी विशेषणे टाळावीत. तारखा आणि रकमाच बोलू द्याव्यात. अधिकारक्षेत्राच्या परिच्छेदात आपण सोलापूर जिल्ह्यात राहतो हे लिहून त्याच्या पुष्ट्यर्थ आधार कार्ड किंवा वीजबिलाची प्रत जोडावी. शेवटी मागण्या सुट्या सुट्या कराव्यात: किंमत व्याजासह परत, बुडालेल्या रोजगाराची आणि मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. बुडालेल्या रोजगाराचा आकडा हवेत मांडू नये. आत्यांच्या वहीत रोज किती साड्या आल्या आणि किती पैसे मिळाले याची नोंद होती, तिच्या छायाप्रती आम्ही जोडल्या. सोबत शपथपत्र, कागदपत्रांची यादी आणि स्क्रीनशॉट खरे असल्याबद्दल भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचे असते. त्यानंतर सामनेवाल्याला नोटीस निघते आणि उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास ५ महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची मनाची तयारी ठेवावी. दृकश्राव्य माध्यमातून सुनावणीची मागणी अर्जाने करता येते. भावाला पुण्याहून दर तारखेला येणे शक्य नव्हते, तेव्हा आम्ही तो अर्ज दिला होता.

नोटीस गेल्यावर अनेक कंपन्या तडजोडीला येतात. आमच्या बाबतीतही तेच झाले. कंपनीच्या प्रतिनिधीने ‘आधी तक्रार मागे घ्या, दोन दिवसांत पैसे येतील’ असे फोनवर सांगितले, आणि आत्या जवळजवळ कबूल झाल्या होत्या. असे कधीही करू नये. तडजोडीच्या अटी लेखी घ्याव्यात, रक्कम खात्यात जमा होऊ द्यावी, पासबुकात नोंद पाहावी, आणि मगच तक्रार मागे घेत असल्याच्या पुरशिसीवर, म्हणजे आयोगाला द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करावी. आत्यांनी तसेच केले. किंमत आणि खर्चापोटी काही रक्कम त्यांच्या खात्यात आली, त्यानंतरच सही झाली.

तडजोड न होता निकाल लागला आणि तो आपल्या विरुद्ध गेला, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. कंपनीला अपील करायचे असल्यास तिला आदेशातील रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. निकाल आपल्या बाजूने असूनही कंपनी पैसे देत नसेल, तर आदेशाची प्रमाणित प्रत जोडून त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. २०१९ च्या कायद्याच्या कलम ७२ नुसार आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कारावास, किमान २५,००० आणि कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निकालाची प्रत हाती येताच पैसे देण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते पाहून ठेवावे, आणि रक्कम आली नाही तर लगेच हा अर्ज दाखल करावा.