सोलापूरच्या विद्यार्थी मंडळांतले अल्पसंख्याक प्रतिनिधी: इतिहास कसा शोधावा

तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली, तशीच मुस्लिम, जैन, ख्रिस्ती, बौद्ध मुलंमुली सोलापूरच्या विद्यार्थी मंडळांवर कधी आणि कशी आली, याची सलग नोंद व्हायलाच हवी. ज्यांना हे आठवतं ती माणसं थकत चालली आहेत, म्हणून लगेच हात घाला.

आधी काळ ठरवा, कारण कागद कुठे मिळतील हे त्यावरच ठरतं. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालयं १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे १९८० चा यू. आर. (विद्यापीठ प्रतिनिधी) शोधायचा तर विद्यापीठाकडची नोंद सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या आवारात नव्हे, कोल्हापूरला मागायची. दयानंद महाविद्यालय तर १९४० चं. त्याची सुरुवात मुंबई विद्यापीठाच्या काळातली.

मग त्या त्या वेळचा कायदा वाचा. राज्याच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणूक जाऊन गुणवत्तेवर नेमणूक आली, २०१६ च्या कायद्यात पुन्हा थेट निवडणुकीची तरतूद झाली. म्हणून वहीत ‘निवडून आले’ आणि ‘नेमले गेले’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. मुलांनी मतं देऊन निवडलेला जी. एस. (मंडळाचा सरचिटणीस) आणि गुणपत्रिकेवरून आलेला प्रतिनिधी यांची बेरीज एकत्र करू नका.

खरा खजिना महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत असतो. अहवालाची पानं आणि मंडळाचा फोटो आधी पाहा. फोटोखाली ‘बसलेले, डावीकडून’ अशी ओळ असते. नावं, पदं, वर्ग जसेच्या तसे उतरवा, पान क्रमांकासह. अंकाला उर्दू किंवा कन्नड विभाग असेल तर त्याचे विद्यार्थी संपादकही नोंदवा. माझ्या मते तेही प्रतिनिधित्वच आहे.

आडनावावरून समाज ठरवू नका. सोलापुरात पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो, मुस्लिमही असतो. खात्री होईपर्यंत रकाना कोरा ठेवा. व्याख्याही काळानुसार बदलते: जैन समाज केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत २०१४ मध्ये आला, १९९० पासून बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे राखीव जागेवरचा बौद्ध विद्यार्थी अल्पसंख्याक आणि अनुसूचित जाती अशा दोन्ही रकान्यांत येऊ शकतो. महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्याकही मानले जातात. विणकर वस्तीतल्या तेलुगू मुलांचा मुद्दा त्याशिवाय सुटतच नाही.

कार्यालयातले कागद सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. ठरावीक वर्षांच्या विद्यार्थी मंडळाच्या याद्या आणि इतिवृत्तं प्रत्यक्ष पाहायला मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

माजी प्रतिनिधींकडे सर्वांत शेवटी जा, हातात वार्षिकांकाची झेरॉक्स घेऊन. फोटो समोर ठेवला की नावं आपोआप निघतात. कुणी कुणाला उभं केलं, प्रचार कोणत्या भाषेत झाला, मुलींना उभं राहायला घरून परवानगी होती का, हे कोणत्याच इतिवृत्तात नसतं, म्हणून ते आवर्जून विचारा. धर्म किंवा जात त्यांनी स्वतः सांगितली तरच आणि लेखी संमतीनेच नोंदवा.

तयार झालेल्या नोंदींची एक प्रत त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला आणि एक हिराचंद नेमचंद वाचनालयाला द्या.