जनुकांच्या रिपोर्टात 'सीसीआर५' दिसलं? या चुका टाळा

लाळेचा नमुना पाठवून घरबसल्या जनुकांचा रिपोर्ट मागवता येतो. त्यात सीसीआर५ या जनुकातला 'डेल्टा३२' हा बदल दिसला की काहीजण धरून चालतात, आपल्याला एचआयव्ही होणारच नाही. सगळ्यात घातक समज हाच.

पेशीत शिरायला एचआयव्हीला पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाबरोबर आणखी एक प्रथिन लागतं, बहुतेक वेळा सीसीआर५ जनुकापासून बनणारं त्याच नावाचं प्रथिन. डेल्टा३२ मध्ये त्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात, म्हणून ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. हे १९९६ मध्ये उलगडलं. पण जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडची, एक वडिलांकडची. रिपोर्टात 'हेटरोझायगस' असेल तर बदल एकाच प्रतीत आहे. अशा माणसाला लागण होते. फार तर आजार जरा सावकाश वाढतो. 'होमोझायगस' असेल तर दोन्ही प्रती बदललेल्या, आणि संरक्षण खरोखर मोठं. तरी काही विषाणू सीएक्ससीआर४ या दुसऱ्या प्रथिनाच्या वाटेने आत शिरतात, आणि अशा लोकांनाही लागण झालेली आहे. उत्तर युरोपीय वंशात अशी माणसं शंभरात जेमतेम एक. आपल्याकडे हा बदलच दुर्मिळ.

नवरा पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह, मग 'तिच्या रक्तातच काहीतरी आहे' असं घरचे म्हणतात. तसं मानू नका. दरवेळच्या संबंधातून लागण होतेच असं नाही. नवरा एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, नियमित घेत असेल आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून विषाणू जात नाही. हे गोळ्यांमुळे होतं, आणि गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो.

एचआयव्ही झालेले टिमोथी रे ब्राउन बोनमॅरो बदलल्यावर त्यातून बरे झाले, म्हणून बोनमॅरो बदलून घ्यायचा विचारही करू नका. २००७ मध्ये बर्लिनला त्यांच्यावर ते उपचार झाले ते ब्लड कॅन्सरसाठी. दाता डेल्टा३२ चा होमोझायगस होता. त्या उपचारातच जिवाला धोका असतो. एआरटीवर माणूस वर्षानुवर्षं चांगला जगतो.

रिपोर्टातली एक ओळ मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा: एचएलए-बी*५७:०१, हा दुसऱ्या एका जनुकाचा प्रकार. या प्रकाराच्या काही लोकांचं शरीर विषाणूला बराच काळ दाबून धरतं, पण त्यांना अबाकाविर या एचआयव्हीवरच्या औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून ते त्यांना देत नाहीत.

आणि धोका घडून गेला असेल तर रिपोर्ट चाळत बसू नका. ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपीच्या, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या, गोळ्यांबद्दल विचारा. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावा.