रिंग मॉड्युलेशन: नॉब फिरवण्याआधी आकडा ठरवा

रिंग मॉड्युलेटर लावला, फ्रिक्वेन्सीचा नॉब थोडा फिरवला, काहीतरी खडखडाट आला आणि मग तो इफेक्ट परत कधी उघडलाच नाही, असं खूप जणांचं होतं. साहजिकच आहे, कारण नुसता नॉब फिरवत बसलं तर बहुतेक जागी तो बेसूरच वाजतो. पण सोर्स कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते बघून नॉबवरचा आकडा निवडला तर हाच इफेक्ट एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो, आणि मला वाटतं साउंड डिझाइनमध्ये इतक्या कमी खटपटीत इतकं देणारं दुसरं काही फारसं नाही.

आधी आत काय चालतं ते बघू, पुढचं सगळं त्यावरच आहे. रिंग मॉड्युलेटर दोन सिग्नलचा गुणाकार करतो, बास. एक तुमचा आवाज म्हणजे व्हॉइस, ड्रम, सिंथ जे असेल ते, आणि दुसरा कॅरियर, जो प्लगिनमध्ये बहुतेक वेळा आतलाच एक साइन ऑसिलेटर, म्हणजे एकच शुद्ध सूर काढणारा भाग असतो. गुणाकार झाला की मूळ फ्रिक्वेन्सी निघून जाते आणि तिच्या जागी दोन नव्या येतात, एक बेरजेची आणि एक वजाबाकीची. ४४० हर्ट्झचा साधा साइन घ्या, कॅरियर १०० वर ठेवा, बाहेर ५४० आणि ३४० येणार, ४४० येणार नाही आणि १०० पण नाही. पिच शिफ्टर सगळ्या हार्मोनिक्सना (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या सुरांना) एकाच पटीने वर किंवा खाली नेतो म्हणून त्यांचं आपसातलं नातं टिकतं, इथे मात्र प्रत्येकात ठरावीक हर्ट्झ मिळवले आणि वजा केले जातात, त्यामुळे ते नातं तुटतं आणि तो घंटेसारखा, पत्र्यासारखा आवाज तिथून येतो.

कॅरियर खूप खाली, २० हर्ट्झच्या आत असेल तर वेगळे सूर ऐकू येत नाहीत, नुसतं ट्रेमोलो वाटतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, कॅरियर ५ हर्ट्झ असला तर आवाज सेकंदाला १० वेळा वरखाली होतो, कारण साइनचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग दोन्ही आवाज मोठा करतात, खालच्या वेळी फक्त फेज उलटी असते, म्हणजे लाट उलट्या बाजूने हलते. टेम्पोला सिंक करणार असाल तर त्यामुळे रेट निम्मा ठेवायचा. साधारण २० ते ८० च्या पट्ट्यात खरखर येते, त्याच्या वर गेलं की सूर बदलल्यासारखे वाटायला लागतात, आणि हजारच्या पुढे सगळं काचेसारखं, लांबच्या रेडिओसारखं होत जातं.

आता मुख्य मुद्दा. सिंथवर २२० हर्ट्झचा सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लाट) लावा, त्यात २२०, ४४०, ६६०, ८८० असे हार्मोनिक्स असतात. कॅरियर १०० ठेवलात तर बाहेर १२० आणि ३२०, ३४० आणि ५४०, ५६० आणि ७६० असं काय काय येतं आणि कानाला तो एक सूर वाटतच नाही. आता कॅरियर बरोबर २२० वर आणा. ४४०, परत २२०, ६६०, ४४०, ८८०... सगळे आकडे २२० च्याच घरातले, त्यामुळे सूर तोच राहतो, फक्त रंग बदलतो. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते ११०, म्हणजे सोर्सच्या निम्मं. २२० मधून ११० आणि ३३० निघतात, ४४० मधून ३३० आणि ५५०, ६६० मधून ५५० आणि ७७०. म्हणजे ११० चे फक्त विषम हार्मोनिक्स उरले, एक ऑक्टेव्ह खालचा, पोकळ, क्लॅरिनेटच्या जातीचा सूर. दीडपट म्हणजे ३३० वर पण हीच विषम मंडळी येतात, फक्त कोण किती जोरात ते बदलतं.

आता ११० वरून कॅरियर ११२ करा आणि नीट ऐका. २२० मधून ३३२ येतो आणि ४४० मधून ३२८, दोघांत ४ चा फरक, पुढे ५५२ आणि ५४८, परत ४. मगाशी जे एकमेकांवर बसत होते ते आता किंचित सरकलेत आणि अख्खा आवाज सेकंदाला ४ वेळा श्वास घेतल्यासारखा हलतो. दोन हर्ट्झ सरकवले की चारचं बीटिंग, कायम दुप्पट. पॅड, ड्रोन, मशीनचं गुणगुणणं यासाठी हे इतकं सुंदर लागतं की कोरस वगैरे लावायची गरजच पडत नाही. आणि बरोबर ११० वरच ठेवायचं असेल तर कॅरियरचा फेज प्रत्येक नोटला रीट्रिगर होतोय का, म्हणजे पहिल्यापासून सुरू होतोय का ते बघा, फ्री चालत असेल तर एकमेकांवर बसणारे हार्मोनिक्स कधी एकमेकांना वाढवतात कधी कापतात आणि प्रत्येक नोट वेगळी वाजते.

यावरून कळेलच की मेलडी वाजवायची असेल तर कॅरियरने नोटच्या मागे मागे जायला हवं. सिंथमध्ये दोन ऑसिलेटरमध्ये रिंग मॉडची सोय असेल तर दुसऱ्याचं की ट्रॅकिंग (वाजवलेल्या नोटप्रमाणे सूर बदलणं) चालू ठेवा आणि मग रेशो निवडा, काम झालं. इफेक्ट म्हणून लावत असाल तर कॅरियर ऑटोमेट करावा लागतो, म्हणजे त्याचे बदल सॉफ्टवेअरमध्ये आधीच लिहून ठेवावे लागतात. पण फिक्स कॅरियर ठेवण्यातही मजा आहे, त्याच्याशी जुळणारे सूर साफ वाजतात आणि बाकीचे घंटेकडे झुकतात. श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराने १९७० मध्ये दोन पियानो आणि रिंग मॉड्युलेटर घेऊन 'मांट्रा' लिहिलं त्यात हेच वापरलंय, साइनचा सूर रचनेच्या मध्यवर्ती सुरावर लावायचा आणि मग पियानोचे सूर त्याच्या नात्यात कमीजास्त बिघडत राहतात.

सोर्स जितका साधा तितका निकाल स्वच्छ. कॉर्ड टाकाल तर प्रत्येक नोटच्या प्रत्येक हार्मोनिकचे दोन दोन होणार आणि नुसता चिखल, म्हणून आधी लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) लावून वरचे हार्मोनिक्स कमी करा, किंवा एकच नोट द्या. रिव्हर्ब पण नंतरच.

रोबोटचा आवाज बहुतेकांना पहिल्यांदा करायचा असतो तर तो बघू. व्हॉइस मोनो, स्वच्छ, गेट लावलेला (शांत जागी आवाज बंद होणारा), आणि आधीच बऱ्यापैकी कॉम्प्रेस केलेला (लहानमोठ्यातला फरक कमी केलेला) हवा. कॅरियर साइन, ३० पासून सुरू करा. बीबीसीच्या रेडिओफॉनिक वर्कशॉपने १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' मालिकेतल्या डॅलेक या रोबोटसारख्या पात्रांसाठी जो आवाज केला तो ३० हर्ट्झच्या आसपासच होता, आणि ३० का चालतं तर बेरीज वजाबाकी दोन्ही मूळ जागेपासून फक्त ३० हर्ट्झ लांब पडतात, फॉर्मंट्स (ज्यांवरून स्वर ओळखू येतात ते आवाजातले जोरदार पट्टे) जवळपास तिथेच राहतात म्हणून शब्द कळतात आणि वर तो कर्कश थरथराट मिळतो. कॅरियर २००, ३०० कडे नेलात की स्वर बिघडायला लागतात आणि वाक्य समजणं अवघड होतं, तिथे मूळ आवाजाची एक कॉपी हाय पास करून (फक्त वरचे सूर ठेवून) खाली हळूच मिसळा, व्यंजनं त्यातून येतात आणि कान बाकीचं जुळवून घेतो. बोलणाऱ्याला मात्र एका सुरात, शब्द तोडून बोलायला सांगा, अर्धं काम तिथेच होतं, प्लगिन ते करू शकत नाही.

कॅरियर तीन हजारच्या वर ठेवला आणि नंतर कॅरियरच्या खालचाच भाग लो पासने ठेवला तर आवाजाचा स्पेक्ट्रम उलटा होतो, जाड ते बारीक आणि बारीक ते जाड. रेडिओवर बोलणं लपवायला ही युक्ती वापरली गेली आहे. त्याच कॅरियरने परत गुणाकार करून परत लो पास लावला की बोलणं पुन्हा कळतं. परग्रहावरचं ट्रान्समिशन हळूहळू उलगडतंय असा सीन असेल तर दुसऱ्या वेळचा कॅरियर थोडा चुकीचा ठेवून हळूहळू बरोबर जागेवर आणा, फार छान वाटतं ते ऐकायला.

घंटा करायची तर सॅम्पल नकोच. एक ट्रँगल (त्रिकोणी लाट) ५०० वर, एक साइन ७१३ वर, दोघांचा गुणाकार. ट्रँगलमध्ये ५००, १५००, २५०० असे विषम हार्मोनिक्स असतात त्यामुळे बाहेर २१३, ७८७, १२१३, १७८७, २२१३, ३२१३ वगैरे येतात, कुणाचा कुणाशी सरळ हिशोब नाही, आणि धातूचं नेमकं तसंच असतं. ७१३ च्या ऐवजी ७०० घेतलात तर २०० आणि १२०० असे गोल आकडे येतात आणि तो ऑर्गनकडे झुकतो, म्हणून आकडा मुद्दाम अडनिडा घ्यायचा. अटॅक (सुरुवातीचा चढ) शून्य, डिके (विझायला लागणारा वेळ) तीन चार सेकंद, आणि लो पासला वेगळं एन्व्हलप (वेळेनुसार बदलणारी चढउतार) द्या म्हणजे वरचे सूर आधी विझतील. हे केलं नाही तर घंटा न वाटता अलार्म वाटतो.

ड्रमला लावताना तळ जातो हे लक्षात ठेवा. ६० हर्ट्झची किक, कॅरियर ४००, बाहेर ३४० आणि ४६०, खाली काहीच उरत नाही. म्हणून १५० च्या आसपास क्रॉसओव्हर करून (आवाजाचे खालचा आणि वरचा असे दोन भाग पाडून) फक्त वरच्या भागाला इफेक्ट द्या. स्नेअरला कॅरियर २००० वरून २०० वर झटकन, शंभरेक मिलिसेकंदात पाडला की लेझरसारखा फटका मिळतो. स्वीप अजून एका ठिकाणी भारी लागतो, ३०० चा स्थिर साइन ठेवा आणि कॅरियर शून्यापासून ६०० पर्यंत सावकाश वर न्या. वजाबाकीचा सूर ३०० वरून खाली खाली जातो, शून्याला टेकतो आणि परत वर चढतो, आणि त्याच वेळी बेरजेचा सरळ ९०० पर्यंत चढत राहतो. एवढ्या एका चालीवर मोठं यान सुरू होतंय असं वाटतं.

टूल कुठलंही चालेल. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपैकी लॉजिकमध्ये रिंगशिफ्टर आहे, एबलटन लाइव्हच्या शिफ्टरमध्ये रिंग मोड आहे, मेल्डाचा रिंग मॉड्युलेटर फुकट मिळतो, प्युअर डेटा या आवाजाच्या प्रोग्रॅमिंग टूलमध्ये तर एक ऑसिलेटर आणि एक गुणाकाराचा डबा जोडला की झालं. मॉड्युलर सिंथमध्ये मात्र साध्या व्हीसीएने (व्होल्टेजने आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाने) हे होणार नाही, तो कंट्रोलचा निगेटिव्ह भाग कापतो, मग मूळ आवाज आत शिल्लक राहतो आणि ते अँप्लिट्यूड मॉड्युलेशन होतं. त्याचा पण उपयोग आहे, शब्द जास्त कळतात. जुन्या चार डायोडच्या सर्किटचा खरबरीतपणा हवा असेल तर साइनच्या जागी स्क्वेअर कॅरियर लावून बघा, जोरदार कॅरियरने डायोड स्विचसारखे चालू बंद होतात त्याच्या बरंच जवळ जातं.

डिजिटलमध्ये एक खोड आहे, अलियसिंग, म्हणजे मर्यादेबाहेरची फ्रिक्वेन्सी दुमडून चुकीच्या जागी येणं. ४४.१ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये हाय हॅटचा १२ किलो आणि कॅरियरचा १४ किलो मिळून २६ होतात, ते २२.०५ (४४.१ च्या निम्मं, म्हणजे इथली मर्यादा) च्या वर जात असल्यामुळे दुमडून १८.१ वर परत येतात. ओव्हरसँपलिंग (आतला हिशोब जास्त सँपल रेटवर करण्याची सोय) असेल तर चालू करा, नाहीतर आधीच सोर्सचे वरचे हार्मोनिक्स कापा. सोर्स आणि कॅरियर एकाच फ्रिक्वेन्सीवर असले की वजाबाकी शून्य, म्हणजे डीसी (न हलणारा, ऐकू न येणारा सिग्नल), त्यामुळे चेनच्या शेवटी २० हर्ट्झचा हाय पास ठेवाच. हार्डवेअर वापरत असाल तर शांततेत कॅरियरची शिट्टी झिरपते, तिथे नंतर गेट लावा आणि त्याची साइडचेन (गेट कधी उघडायचं ते ठरवणारा सिग्नल) ड्राय, म्हणजे इफेक्ट न लावलेल्या सिग्नलवरून द्या.

आणि रेंडर करताना वेट (इफेक्ट लावलेला) आणि ड्राय वेगवेगळ्या ट्रॅकवर, एकाच जागेपासून सुरू होणारे काढा. मिक्समध्ये डायलॉग कळत नाही असं कुणी म्हटलं की ड्रायचा फेडर दोन डीबी वर करायचा, अख्खी चेन परत उघडायला लागत नाही.